गणपतीत माळ्यावरून खोका काढला की खेळण्यातल्या मोटारी दर वर्षी खराब का निघतात?

मखराचं सामान काढायला वर्षातून एकदा माळ्यावर चढायचं आणि त्याच खेपेत लहानपणीच्या मोटारींचा खोकाही खाली घ्यायचा, हा आमच्याकडचा जुना शिरस्ता. भाचरांना दाखवायच्या, आरतीला आलेल्या मित्रांपुढे थोडी फुशारकी मारायची, विसर्जन झालं की फडक्याने पुसून परत वर. आणि दर वर्षी तेच रडगाणं. कुणाचे टायर चिकटून बसलेले, कुणाच्या बॉनेटवर घामोळं आल्यासारखे बारीक फोड, कुणाचा तळपत्रा पांढरा पडलेला. मी ते निमूटपणे साफ करायचो, दोन दिवस पंख्याखाली ठेवायचो आणि त्याच खोक्यात, तसंच गुंडाळून वर ठेवून द्यायचो. पुढच्या भाद्रपदात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

असं पाच-सहा वर्षं चाललं. 'जुन्या झाल्या, आणखी काय होणार' अशी मी समजूत घालून घेतली होती. एका वर्षी सगळ्या मोटारी टेबलावर मांडून भिंगातून एकेक नीट पाहिली तेव्हा लक्षात आलं की बहुतेक धडधाकट आहेत आणि खोकाच त्यांना खातोय. एक गाडी मात्र खरोखर आतून आजारी होती, आणि तिलाही मी बाकीच्यांचंच औषध देत होतो.

हे सगळं ओतीव जस्ताच्या, म्हणजे डायकास्ट मोटारींबद्दल आहे: मॅचबॉक्स, कॉर्गी, डिंकी, माजोरेट, सिकू, हॉट व्हील्स, आपल्याकडे लिओच्या नावाने निघालेल्या हॉट व्हील्स, कोलकात्यात डिंकीच्या जुन्या साच्यांवर निघालेल्या निकी. पत्र्याच्या, चावीच्या गाड्यांचं दुखणं निराळं. प्लास्टिकच्या पुलबॅक, म्हणजे मागे ओढून सोडायच्या गाड्यांचंही निराळं, पण खोक्याबद्दलचं सगळं त्यांनाही लागू आहे.

आधी खिडकीपाशी बसा, पाणी लावू नका

खोका उघडल्या उघडल्या ओलं फडकं हातात घ्यायचा मोह होतो. तो आवरा, कारण पहिली दहा मिनिटं फक्त बघायची आहेत. टेबलावर पांढरा कपडा, एक भिंग, मोबाइलचा टॉर्च आणि फ्रिजवर चिकटवतात तसलं एखादं लोहचुंबक, एवढं पुरे.

लोहचुंबक कशाला? ते गाडीच्या अंगाला चिकटलं नाही म्हणजे अंग जस्ताचं. चाकांच्या दांडीला चिकटलं म्हणजे ॲक्सल लोखंडी. जस्ताला तांबडा गंज चढत नाही, त्यामुळे गाडीवर तांबूस डाग दिसला तर तो ॲक्सलचा तरी असतो, नाहीतर शेजारी ठेवलेल्या टाचणीचा, स्टेपलचा. जस्त खराब होतं तेव्हा पांढरं किंवा राखाडी पडतं. एवढं कळलं तरी अर्धा घोळ मिटतो.

मग गाडी उलटी करा. तळपत्र्यावर कंपनी, क्रमांक आणि बहुधा साल कोरलेलं असतं. जाता जाता सांगतो, ते साल तुमची गाडी कारखान्यातून निघाल्याचं नसतं, तो नमुना तयार झाल्याचं असतं. माझ्या मॅचबॉक्सच्या १७ नंबरच्या 'लंडनर' बसखाली १९७२ आहे, पण कुवेतहून मामाने ती आणली १९८० च्या सुमारास. लाल, दोन मजली, अंगावर बर्जर पेंट्सची जाहिरात. मी तिला कित्येक वर्षं बेस्टचीच बस समजत होतो.

टायर चिकटले, वितळले, खाली खड्डा पडला

ही सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात कमी समजलेली तक्रार. लोक म्हणतात, 'गरमीने रबर वितळलं.' माळ्यावर उकडतं हे खरं, पण तेवढ्याने टायर वितळत नाही. खुणेकडे नीट बघा. बहुतेक वेळा टायर जवळजवळ शाबूत असतो आणि त्याच्या खालचं प्लास्टिक विरघळलेलं असतं. म्हणजे खाणारा टायर आणि खाल्लं जाणारं प्लास्टिक.

काय होतं ते सांगतो. बऱ्याच मोटारींचे मऊ टायर रबराचे नसून मऊ केलेल्या पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक. तो लवचिक राहावा म्हणून त्यात तेलासारखा पदार्थ मिसळतात, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. हे तेल टायरात कायमचं बांधलेलं नसतं. वर्षानुवर्षं थोडं थोडं बाहेर येतं, उकाड्यात जास्त येतं. ते पॉलिस्टायरीनला भेटलं की त्याला मऊ करून टाकतं. आणि पॉलिस्टायरीन घरात कुठे असतं? स्वस्त पारदर्शक शोकेसमध्ये, मोटार जिच्यावर स्क्रूने बसवलेली असते त्या काळ्या पट्टीत, गाडीच्या स्वतःच्या आतल्या भागात. आणि थर्माकोलमध्ये.

मी नेमकं हेच केलं होतं. मखराचं उरलेलं थर्माकोल कापून मोटारींसाठी छान खाचा केल्या होत्या. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हा 'चला, जुनं थर्माकोल तरी सत्कारणी लागलं' असं वाटलं होतं! चारही टायरांनी आपापल्या खाली गोल विहिरी खणल्या. विजेची कामं करणाऱ्यांना हे जुनं ठाऊक आहे, पीव्हीसीची वायर थर्माकोलला टेकवून ठेवत नाहीत ती याचसाठी.

चिकटलेली गाडी सोडवताना ओढू नका, ॲक्सल वाकतो किंवा टायरचा लचका तुटतो. गाडी पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको. मऊ पडलेलं प्लास्टिक थोडं आवळतं. मग शिवणकामाचा जाड दोरा किंवा दात साफ करायचा फ्लॉस टायर आणि पट्टीच्या मधे घालून करवतीसारखा मागे-पुढे ओढा. सुटते. पिशवी मात्र गाडी खोलीइतकी कोमट झाल्यावरच उघडा, नाहीतर पावसाळी हवेतलं पाणी थंड धातूवर दवासारखं जमतं आणि एक काम करताना दुसरं उभं राहतं.

टायरवरचा चिकटपणा भांडी घासायच्या साबणाच्या दोन थेंबांनी, कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाच्या काडीने जातो. फक्त टायर पुसायचा, गाडी बुडवायची नाही. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीही जवळ आणू नका, दारावरचे छापील आकडे पहिल्या फटक्यात जातील. खड्डा पडलेली पट्टी दुरुस्त होत नाही. झालेलं नुकसान झालं.

पुन्हा होऊ नये म्हणून टायर कशालाच टेकू देऊ नका. गाडीच्या पोटाखाली, दोन ॲक्सलच्या मधे, एक छोटा ठोकळा ठेवायचा, म्हणजे चाकं अधांतरी राहतात. मी जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या घडी घालून, बटर पेपरमध्ये गुंडाळून वापरतो. ठोकळ्याची कटकट नको असेल तर निदान टायरखाली बटर पेपरचा तुकडा तरी. मॅचबॉक्सच्या १९६९ नंतरच्या 'सुपरफास्ट' गाड्यांना आणि साध्या हॉट व्हील्सना हा त्रास सहसा नसतो, कारण त्यांची चाकं कडक प्लास्टिकची असतात.

पांढरं काहीतरी आलंय

तीन वेगवेगळ्या गोष्टी सारख्याच पांढऱ्या दिसतात.

भिंगाखाली मऊ, लवदार, जाळीदार दिसत असेल, रंगावर-काचेवर-टायरवर सगळीकडे असेल आणि नाकाला ओलसर वास येत असेल तर ती बुरशी. कोरड्या मऊ ब्रशने, घराबाहेर, नाकावर रुमाल बांधून झटका. टायरवरच मेणचट साय असेल तर ती टायरातून वर आलेली, वर सांगितलेल्या साबणाने जाते.

फक्त उघड्या धातूवर, म्हणजे रंग न दिलेल्या तळपत्र्यावर किंवा रंग उडालेल्या कडेला खरखरीत भुकटी असेल तर ती जस्ताची. दमट हवेत जस्तावर असा पांढरा थर धरतो. हवेत आम्लाची वाफ असेल तर फार लवकर धरतो, आणि ती वाफ बहुधा आपल्याच कपाटातून येते. नवं प्लायवूड, एमडीएफ, त्यांचा डिंक, काही लाकडं यांतून ॲसेटिक आणि फॉर्मिक आम्ल वर्षानुवर्षं निघत राहतं. बंद शोकेस उघडल्यावर नवं फर्निचर, व्हिनेगर असा आंबूस वास आला तर ओळखा. नव्या शोकेसची हौस भागवायचीच असेल तर आत मोटारी मांडण्याआधी दारं उघडी ठेवून काही महिने जाऊ द्या, आणि फळीवर काच किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा टाका.

ही भुकटी कोरड्या जुन्या टूथब्रशने हलकेच झाडायची आणि त्यावर मोटारीच्या साध्या मेणाचं पातळ बोट फिरवायचं. घरातल्या ज्येष्ठांचा सल्ला मात्र इथे ऐकू नका. चिंच, लिंबू, देवाची भांडी उजळायची पावडर हे तांब्या-पितळेचं औषध आहे. जस्ताला आम्ल लागलं की ते उजळत नाही, झिजतं. माझ्या एका गाडीच्या तळपत्र्यावरची अक्षरं मी असल्या चिंचेनेच पुसट करून ठेवली आहेत.

फोड आणि भेगा: इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त चुकीचं निदान इथे होतं, कारण दोन अगदी वेगळे रोग सुरुवातीला सारखेच दिसतात.

पहिला रंगाचा. गाडी प्लास्टिकच्या पिशवीत किंवा फोममध्ये घट्ट गुंडाळलेली, आत ओल कोंडलेली. रंगाच्या थराखाली ती शिरते आणि वर बारीक, गोल, एकसारखे फोड येतात, घामोळं हाच शब्द बरोबर आहे. जिथे वेष्टण टेकलं होतं तिथेच ते दाट असतात. बबल रॅपमध्ये ठेवलेल्या गाडीच्या छतावर तर बुडबुड्यांचे गोल गोल छाप उमटलेले मी पाहिले आहेत. धातू मात्र शाबूत, दारं नीट लागतात, चाकं फिरतात. अशी गाडी वेष्टणातून काढून कोरड्या, उबदार जागी मोकळी ठेवली तर ताजे फोड काही आठवड्यांत कधी कधी बसतातही. फोडायचे नाहीत, खरवडायचे नाहीत. जुन्या खोक्यातला स्पंज-फोम हात लावला की पिठासारखा भुगा होत असेल किंवा चिकट झाला असेल तर तो आजच फेका. भावनिक होण्यासारखं त्यात काही नाही.

दुसरा धातूचा. इंग्रज संग्राहक याला 'झिंक पेस्ट', म्हणजे जस्ताची कीड म्हणतात, पण ही कीड नव्हे. या मोटारींचा धातू म्हणजे जस्त, सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम आणि किंचित मॅग्नेशियम, कधी तांबं. त्याला ब्रिटनमध्ये मझाक आणि इतरत्र झमाक म्हणतात. झमाक हे नावच झिंक, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांब्याचा जर्मन शब्द कुप्फर यांच्या आद्याक्षरांवरून आलं आहे. हा मिश्रधातू उत्तम टिकतो, एकच अट आहे, त्यात शिसं नको. किती नको? आजच्या मानकांत शिशाची मर्यादा साधारण ०.००५ टक्के आहे, म्हणजे दहा टन धातूत अर्धा किलो. ओतशाळेत भंगारातला एखादा शिशाचा गोळा भट्टीत पडला की त्या घाण्यातला सगळा माल बाटला.

शिसं जस्तात विरघळत नाही. धातू थिजताना ते जस्ताच्या बारीक कणांच्या सांध्यांत जाऊन बसतं. भिंतीतल्या विटा चांगल्या आणि त्यांच्या सांध्यांमधली वाळू खारट, असं समजा. दमट हवा त्या सांध्यांतून आत शिरते, सांधे कुजतात, आणि कुजून जे तयार होतं ते मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागतं. म्हणून गाडी आतून फुगते. आधी लांबी वाढते, मग छत कुबड काढतं, मग कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा, आणि शेवटी बोटाने दाबलं की बिस्किटासारखा तुकडा हातात. १९३० च्या दशकातल्या डिंकी आणि हॉर्नबीच्या आगगाड्या याच्यासाठी बदनाम आहेत. त्यांतल्या कित्येक आज उभ्या उभ्या भुगा होत आहेत. महायुद्धानंतर धातूच्या शुद्धतेकडे जास्त लक्ष गेलं आणि हे प्रमाण खूप घटलं, पण संपलं नाही. अलीकडच्या महागड्या मॉडेलांतही एखादा घाणा असा निघतो.

ओळखायचं कसं? फोड हा रोग रंगावर गोल दिसतो, सड ही रेषेत दिसते. रंगाच्या भेगेवरून नख फिरवा. भेग धातूत उतरली असेल तर नख अडकतं. उघडणारं दार किंवा बॉनेट पूर्वी सहज लागत होतं आणि आता कडेला घासतंय, खिडकीची काच आपोआप कमानीसारखी वाकलीय, तळपत्रा मधे फुगलाय, ॲक्सल न गंजताही चाकं आवळलीत, यांतल्या दोन खुणा एकत्र दिसल्या तर मला शंका राहत नाही. त्याहून पक्की परीक्षा मोजमापाची. व्हर्नियर कॅलिपरने बंपर ते बंपर लांबी मोजून कागदावर तारखेसह लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. रंगाला फोड आलेली गाडी वाढत नाही.

यावर औषध नाही, हे स्पष्टच सांगतो. रंग देऊन, पुट्टी भरून, वार्निश मारून भेग झाकली तर खालची भेग पुढे चालूच राहते, फक्त तुम्हाला दिसत नाही. पाण्याने धुणं तर सगळ्यात वाईट, कारण ती ज्याची वाट बघत होती तेच तुम्ही तिला पाजता. कोरडी ठेवली तर वेग कमी होतो. सुटू पाहणारा तुकडा पातळ सुपरग्लूच्या एका थेंबाने धरून ठेवता येतो, गोंद केशाकर्षणाने आपोआप भेगेत शिरतो. तो थेंबही काचेजवळ नको. त्याच्या वाफेने काचेवर पांढरं धुकं बसतं आणि ते मग निघता निघत नाही.

एक भीती मात्र काढून टाका. ही सड एका गाडीतून दुसरीत जात नाही. रोग त्या ओतीव धातूत जन्मापासून असतो. 'एकीला झालं आणि वर्षात सगळ्यांना पसरलं' असं कुणी सांगितलं तर त्या सगळ्या एकाच दमट, आंबूस वासाच्या कपाटात होत्या का ते विचारा. आजारी गाडीला मी वेगळ्या डब्यात ठेवतो ते संसर्गाच्या भीतीने नाही, तिचे तुकडे हरवू नयेत म्हणून.

खरेदीलाही हे उपयोगी पडतं. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी एक निळी सेडान हाताला लागली. विक्रेता म्हणाला, ''ओरिजनल आहे साहेब, वजन बघा नुसतं.''

''वजन ठीक आहे हो, पण छतावर ही भेग?''

''मग! भेगेशिवाय अँटिक असतंय का?''

भेगेतून नख सरळ खाली गेलं. गाडी मी परत ठेवली, चहाचे पैसे मात्र त्यांनी देऊ दिले नाहीत.

चाकं फिरत नाहीत

हे सोपं आहे. माझ्या लंडनर बसला हेच झालं होतं. रंग छान, जाहिरात छान, पण टेबलावर ढकलली की चारही चाकं आवळून ती नुसती घसरायची. तारेइतका बारीक लोखंडी ॲक्सल गंजला होता. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाचणीच्या टोकावर घेऊन चाक आणि अंगाच्या मधल्या फटीत सोडायचा, रात्रभर थांबायचं, सकाळी चाक अर्धा-पाऊण फेरा पुढे-मागे करत मोकळं करायचं. तांबडं पाणी बाहेर येतं, ते टिपून घ्यायचं. तेल जास्त झालं तर धूळ धरतं. गंज घालवायचं कुठलंही आम्ल किंवा गंजनाशक इथे चालणार नाही, ॲक्सलच्या आधी जस्तच विरघळेल.

आता खोका

वरचं सगळं केलंत आणि मोटारी परत त्याच खोक्यात गेल्या तर पुढच्या गणपतीत आपण इथेच भेटू.

डबा घेताना उलटा करून त्रिकोणातला आकडा वाचा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, हा उत्तम. १, २, ४ चालतील. ३ म्हणजे पीव्हीसी आणि ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, हे दोन नकोत. स्वयंपाकघरातले, झाकणाला रबरी कड आणि चारी बाजूंना चिमटे असलेले डबे सहसा ५ चेच असतात आणि कुठल्याही मोटार-शोकेसपेक्षा स्वस्त पडतात. दिसायला डब्यात चकल्या असल्यासारखं दिसतं, त्याला इलाज नाही.

आत सिलिका जेलच्या पुड्या. लोक विचारतात, किती? तीस अंशांच्या पूर्ण दमट हवेत एका घनमीटरला साधारण ३० ग्रॅम पाणी मावतं. दहा लिटरच्या डब्यात मग पाणी किती, तर जेमतेम ०.३ ग्रॅम. एवढं तर चिमूटभर सिलिकाही पिऊन टाकेल. खरा शत्रू झाकणाच्या फटीतून चार महिने येत राहणारी हवा आहे, शिवाय आत ठेवलेला पुठ्ठा आणि कागद, जे स्वतःच ओल धरून असतात. म्हणून झाकण घट्ट हवं, कागद कमी हवा, आणि दहा लिटरला ५० ते १०० ग्रॅम सिलिका पुरते. रंग बदलणारी घ्या. निळीची गुलाबी झाली की ती भरली. निळ्या रंगात कोबाल्टचं क्षार असतं, म्हणून लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका आणि ती वाळवायला पोळ्यांचा तवा वापरू नका. नारिंगी मिळत असेल तर तीच बरी. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास ठेवली की पुन्हा वापरता येते. तांदळाची पुरचुंडी ठेवणाऱ्यांनी कृपया ठेवू नये, तिच्यात किडे होतात.

सोबत छोटा डिजिटल आर्द्रतामापक टाका. ४० ते ५० टक्क्यांच्या मधे आकडा असेल तर झोप छान लागते. कोकणात, मुंबईत तो ५५ वर थांबला तरी मी कुरकुर करत नाही. ६५ च्या वर मात्र बुरशीला आमंत्रण.

भरायचं कधी, यालाही महत्त्व आहे. मृग लागायच्या आत डबा बंद झाला पाहिजे, पण आमच्याकडे मे महिन्याची हवाही चिकट असते. म्हणून मी मोटारी डिसेंबर-जानेवारीत, हवा सगळ्यात कोरडी असताना भरतो. ते जमलं नाही तर बेडरूमचा एसी तासभर लावून, तिथेच बसून डबा बंद करायचा. गणपतीत दाखवायला काढायच्या असतील तर डबा उघडून गाडी बाहेर, डबा लगेच बंद, आणि परत ठेवताना सिलिका नवी. आणि माळा नकोच. पत्र्याखालचा किंवा स्लॅबच्या लगतचा माळा दुपारी तापतो, रात्री निवतो, आणि प्रत्येक फेऱ्यात डबा श्वास घेतो. पलंगाखाली किंवा कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवा.

मूळ पुठ्ठ्याच्या पेट्या असतील तर त्या मोटारींपासून वेगळ्या ठेवा. कसर लागते, पुठ्ठ्याची ओल गाडीला जाते आणि गाडीचं तेल पुठ्ठ्याला.

आणि डांबराच्या गोळ्या. आमच्या आईने शालूच्या कप्प्यातून दोन गोळ्या काढून हळूच माझ्या खोक्यात टाकल्या होत्या. ''किडे नाहीत ना झाले? मग?'' किडे नाही झाले, पण दोन गाड्यांच्या काचा धुरकट झाल्या आणि एकीचं स्टेअरिंग मऊ पडून वाकलं. नॅप्थलीनची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते. कापूरही नको. आईला हे सांगितलं तर म्हणाली, ''मग शालू कसा राहिला चाळीस वर्षं?'' शालूला काच नसते, हे तिला अजून पटलेलं नाही.

या वर्षी डबा उघडला तेव्हा मापकावर ४८ होते. टायर कशाला चिकटले नव्हते, बस टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका ढकलीत गेली आणि भाच्याने ती खाली पडता पडता झेलली. आजारी गाडीच्या डब्यात कागदावर चार ओळी आहेत: २०२१ ला ७२.४ मिलिमीटर, २०२२ ला ७२.७, २०२३ ला ७२.९, आणि कोरड्या डब्यात गेल्यानंतर २०२४ ला पुन्हा ७२.९. यंदा मोजायला घेतली तर मागचा बंपरच कॅलिपरच्या जबड्यात राहिला. पाचव्या ओळीत लांबीच्या जागी मी फक्त तारीख लिहिली आहे, बंपर पुडीत बांधून शेजारी ठेवलाय.